जुन्या मराठी मालिकांचे पूर्ण संच कधी विकत मिळतील का?

तुम्ही विचारलंय की ‘चिमणराव’, ‘गोट्या’, ‘हॅलो इन्स्पेक्टर’ अशा दूरदर्शनच्या जुन्या मराठी मालिका पूर्णच्या पूर्ण डीव्हीडीवर कधी येतील का, आणि वाट बघण्यापलीकडे चाहत्यांच्या हातात काही आहे का. माझं जळगावात जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून द्यायचं काम आहे. येतात त्या बहुतेक लग्नाच्या, साखरपुड्याच्या, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगच्या. पण त्याच पिशव्यांतून अधूनमधून मालिकाही निघतात. म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

दुकानात मांडलेला पूर्ण संच मिळण्याची आशा कमी आहे. भाग कुठेतरी अधिकृतपणे बघायला मिळण्याची आशा त्याहून बरीच जास्त आहे. आणि काही मालिकांच्या बाबतीत सगळी भिस्त तुमच्याआमच्या घरातल्या जुन्या कॅसेटवर असू शकते. माझ्या मते चाहत्यांनी सगळ्यात जास्त लक्ष या शेवटच्या गोष्टीकडे द्यायला हवं.

लोकांना वाटतं की सरकारी कपाटात सगळं नीट ठेवलेलं आहे, फक्त कुणी काढत नाही. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. सत्तरच्या दशकात टीव्ही केंद्रांवरच्या व्हिडिओ टेप फार महाग असायच्या. कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरा कार्यक्रम भरायचा, ही तेव्हा जगभर चालणारी पद्धत होती. घरोघरी व्हीसीआर नव्हते. हे कार्यक्रम पुढे कुणी पैसे देऊन विकत घेईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि त्याच दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ आली. चिं. वि. जोशींच्या लेखनावरची मालिका, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आज तिचे मोजकेच भाग बघायला मिळतात. इथे आपल्या भागाचा एक मुद्दा आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. त्या काळी मुंबई दूरदर्शन दिसायचं ते मुंबई-पुण्याच्या टापूत. खान्देशात घरांवर अँटेना चढल्या त्या १९८४ च्या सुमाराला, देशभर लघुशक्ती प्रक्षेपक बसायला लागले तेव्हापासून. आपल्याकडे गुंड्याभाऊ पोचला तो सुट्टीत मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या नकलांमधून. पुणेकराला ‘चिमणराव’चा संच हवा असतो तो आठवणीसाठी. अमळनेर-चोपड्याच्या माणसाने मात्र ती मालिका कधी बघितलेलीच नाही. त्यामुळे हे सगळं जुन्या पिढीच्या आठवणींसाठी चाललंय असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. आपल्यासारख्या कितीतरी गावांना हे पहिल्यांदाच मिळायचं आहे.

टेप पुसण्यात बीबीसीही मागे नव्हती. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या मालिकेचे साठच्या दशकातले शंभरेक भाग असेच नाहीसे झाले. पुढे काय झालं ते प्रत्येक मालिकावेड्याने लक्षात ठेवावं असं आहे. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत मिळाले. पूर्वी परदेशी केंद्रांना दाखवायला पाठवलेल्या फिल्म तिथल्या एका केंद्राच्या साठ्यात पडून होत्या. त्याहून मला थक्क करते ती दुसरी गोष्ट. साठच्या दशकातली काही मुलं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून मालिकेचा आवाज टेप करत असत. त्यांच्यामुळे आज हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. त्या आवाजावर नव्याने ॲनिमेशन करून २०१६ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ ही सहाच्या सहा भाग हरवलेली कथा विक्रीला आली. घरी बसून टेप करणाऱ्या पोरांनी जे जपलं, तेच बीबीसीने पुढे विकलं.

मूळ टेप शाबूत असली की हक्कांचा प्रश्न येतो. काही कार्यक्रम दूरदर्शनने स्वतः केले, त्यांचे हक्क आता दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेकडे. काही प्रायोजित होते. त्यात निर्माता स्वतःच्या पैशाने मालिका करायचा, दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क भरायचा आणि मिळालेल्या जाहिरातींच्या वेळेतून खर्च वसूल करायचा. अशा मालिकांचे हक्क बहुधा निर्मात्याकडे राहिले. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ डिस्कवर सहज मिळाल्या, त्याचं एक कारण हेच. दोन्हींना ठाम मालक होते आणि ते धंद्यातच होते. निर्माता वारला, कंपनी बंद पडली, वारसांना कागदच सापडत नाहीत, असं झालं की मालिका अडकलीच. शिवाय जुन्या करारांत पुढच्या माध्यमांचा उल्लेखच नसायचा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय दिले गेले असं धरत नाहीत.

संगीताचे हक्क हा आणखी एक अडसर. ‘द वंडर इयर्स’ या अमेरिकन मालिकेत त्या काळची लोकप्रिय गाणी भरपूर वापरली होती. त्यांच्या परवानग्या जमून डीव्हीडी यायला २०१४ उजाडलं. आपल्या मराठी मालिकांची शीर्षकगीतं बहुधा त्या मालिकेसाठीच केलेली असतात, तेव्हा ही अडचण आपल्याला थोडी कमी यावी.

ही माहिती बाहेर काढायचा एक सरळ रस्ता आहे आणि तो फार कमी जण वापरतात. प्रसार भारती हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, म्हणून त्यांना माहिती अधिकार कायदा २००५ लागू होतो. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून १० रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘डीव्हीडी का काढत नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. असं विचारा: अमुक मालिकेचे किती भाग संग्रहात आहेत, कोणकोणत्या क्रमांकांचे, कोणत्या प्रकारच्या टेपवर, त्यांचं डिजिटायझेशन झालंय का, आणि मालिका केंद्राची निर्मिती होती की प्रायोजित. एका अर्जात एकच मालिका घ्या. असं लेखी उत्तर हातात आलं की पुढची मागणी नेमकी करता येते. ‘सगळ्या जुन्या मालिका आणा’ या मागणीवर कुणीच काही करू शकत नाही. ‘अमुक मालिकेचे एवढे भाग तुमच्याकडे डिजिटल झालेले आहेत, ते उपलब्ध करा’ असं लिहिलं तर कुणाला तरी फाइल पुढे सरकवावी लागते.

मागणी आहे हे त्यांनाही दिसलेलं आहे. टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ पुन्हा दाखवलं आणि लोकांनी ते कसं बघितलं हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर १३ एप्रिलला डीडी रेट्रो ही वाहिनीच सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीचं ‘वेव्ज’ हे ॲप आलं. म्हणजे जुन्या मालिका यायच्या त्या आता याच वाटेने येणार.

डिस्कचा बाजार मात्र बसला आहे. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकल्या, तेव्हा फुले मार्केटपासून तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत सगळीकडे सिनेमे मिळायचे. २०१८ मध्ये त्या कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे ती कायमची गुंडाळण्याचा आदेश निघाला. आता नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाही नसते. तरी मला स्वतःला डिस्क हवी असते. ॲपवरची मालिका उद्या काढून घेतली तर आपण काही करू शकत नाही, घेतलेली डिस्क आपली राहते. वॉर्नर ब्रदर्सने २००९ मध्ये एक चांगला मार्ग काढला होता. ज्या जुन्या चित्रपटांच्या हजारो प्रती खपणार नाहीत, त्यांची ऑर्डर आली की तेवढीच डिस्क लिहून पाठवायची. गोदाम नको, उरलेला माल नको. मराठी मालिकांना हे तंतोतंत लागू पडेल आणि एखाद्या निर्मात्याने ते करून बघावं असं मला फार वाटतं.

एक अपेक्षा मात्र सोडून द्या. या मालिका नव्यासारख्या लख्ख एचडीत दिसणार नाहीत. फिल्मवर चित्रित झालेली मालिका नव्याने स्कॅन करता येते. व्हिडिओ टेपवर जे टिपलं ते ५७६ ओळींचं, त्यात नसलेला तपशील कुठून आणणार? कुणी ‘एचडी करून देतो’ म्हणाला तर चेहरे मेणासारखे गुळगुळीत करून देईल.

आता घरातल्या कॅसेटांबद्दल. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे लोक व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचे आणि पहाटेपर्यंत सिनेमे बघायचे. स्वतःचा सेट असायचा तो डॉक्टरांकडे, केळीच्या व्यापाऱ्यांकडे, नाहीतर ज्यांचं कुणी आखातात होतं त्यांच्याकडे. या घरांत कोऱ्या कॅसेटही असायच्या. लग्नाचं चित्रण दोन तासांत संपतं, ई-१८० कॅसेट तीन तासांची. मग उरलेल्या जागेत टीव्हीवरचं काहीतरी भरलेलं असतं. कॅसेटवर लिहिलेलं असतं ‘ताईचं लग्न’ आणि आत शेवटी मालिका. एरंडोलच्या एक आजी पिशवी घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, “भाऊ, यामा काय शे, दखा बरं.” पाठवणी संपली, थोडा वेळ मुंग्या, आणि मग एका मराठी मालिकेचा अर्धा भाग, मध्ये साबणाच्या जाहिराती, शेवटी उद्याचे कार्यक्रम सांगणारी निवेदिका. असं काही निघालं की मी जाहिरात किंवा निवेदन कधीच कापत नाही. भाग कोणत्या तारखेचा हे त्यातूनच कळतं. पुढे कुणी संग्राहक किंवा निर्माता तो शोधायला लागला, तर ही तारीख लाख मोलाची ठरेल.

या कॅसेटांना वेळ फार उरलेला नाही. फितीवर चुंबकीय पूड एका चिकट थराने बसवलेली असते. तो थर दमट हवेत पाणी ओढून घेतो आणि सुटायला लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर किती तापत असेल याचा विचार करा, आणि वरून पावसाळ्यात बुरशी. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, त्यातलं बरंचसं कायमचं जाईल. ते वर्षही आता येऊन गेलं.

म्हणून कॅसेटा आधी माळ्यावरून खाली आणा. आतल्या खोलीत, थेट ऊन नसेल तिथे, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा चौकोनी तुकडा असतो, तो मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नाही. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घरच्या मशीनमध्ये अजिबात घालू नका. फीत तुटू शकते, हेड खराब होतो, आणि त्याच मशीनमधून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी स्वच्छ करणाऱ्याकडे द्या. डिजिटल करून घेताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (म्हणजे जुन्या टीव्हीच्या एकाआड एक ओळींचं चित्र) जसंच्या तसं, अशी फाइल मागा. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी होतात, तेवढी जागा ठेवा. मोबाइलवर पाठवायला छोटी प्रत वेगळी करता येते. मूळ मोठी फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि मूळ कॅसेट त्यानंतरही फेकू नका.

स्वतःच्या घरी बघायला, अभ्यासाला प्रत ठेवणं आणि ती यूट्यूबवर टाकणं यांत कायद्याने फरक आहे. टाकू नका. मालिकेचं नाव, भाग, साधारण तारीख एवढी यादी करा आणि निर्माता हयात असेल तर त्याला कळवा, केंद्राची निर्मिती असेल तर प्रसार भारतीच्या अर्काइव्हजला लिहा. त्यांच्या संग्रहात तो भाग नसला, तर तुमच्या धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या कपाटातली ती एकच प्रत असू शकते. सुरुवात करायची तर ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही अशा कॅसेटांपासून करा. लग्नं लोक शोधत येतात, कोऱ्या दिसणाऱ्या कॅसेटा घर आवरताना भंगारात जातात.