जीएसटी देशभर सारखा, मग वापीपेक्षा पालघरला पेट्रोल महाग का?

वापीला पेट्रोल भरलं आणि हद्द ओलांडून पालघरकडे आल्यावर लिटरमागे नऊ-दहा रुपयांचा फरक दिसला, जीएसटी सगळीकडे एकच असताना हे कसं, असं तुम्ही विचारलंय. याचं कारण सरळ आहे. पेट्रोलवर जीएसटी लागतच नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू या पाच गोष्टी बाजूला ठेवल्या गेल्या. घटनेतली तरतूद अशी की जीएसटी परिषद शिफारस करेल त्या दिवसापासून त्या आत येतील. ती शिफारस अजून झालेली नाही. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला, तोही केरळ उच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे, आणि 'ही वेळ नाही' म्हणून तिथेच थांबला. दारू तर घटनेच्या व्याख्येतूनच जीएसटीबाहेर आहे, म्हणून गोव्यातली बाटली आणि सावंतवाडीतली बाटली यांच्या किमतीत एवढं अंतर.

थोडक्यात, साबण, मोबाईल, सिमेंट यांच्यावरचा कर राज्यागणिक बदलत नाही. पेट्रोल-डिझेलवर मात्र प्रत्येक राज्याचा जुना व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, चालूच आहे.

महाराष्ट्रात 1 जुलै 2024 पासून पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे असा दर लागू झाला. त्याआधी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत 26 टक्के होता, म्हणजे एकाच राज्यात दोन दर होते. गुजरातचा दर 13.7 टक्के आणि वर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर. आता समजा केंद्राचं उत्पादन शुल्क आणि पंपवाल्याचं कमिशन धरून पेट्रोल 78 रुपयांना पडलं. महाराष्ट्रात त्यावर 19.50 अधिक 5.12, म्हणजे 24.62 रुपये चढतात आणि भाव होतो 102.62. गुजरातेत चढतात साधारण 14 रुपये. तुम्हाला दिसलेला फरक हाच. यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे: व्हॅट लागतो तो केंद्राचं शुल्क धरून आलेल्या रकमेवर. करावर कर.

मी कोल्हापुरात ट्रान्सपोर्टचे हिशेब बघतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचा आहे. बेळगावकडे जाणारा ड्रायव्हर कागलला टाकी फुल्ल करत नाही. जेमतेम पुरेल एवढं डिझेल ठेवतो आणि निपाणीच्या बाजूला भरतो. कर्नाटकाने जून 2024 मध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवला, तेव्हा हे गणित थोडं बदललं, पण सवय मोडली नाही. व्हाउचर लावताना मी आधी पंपाचं गाव बघतो, मग लिटर. डिझेलवर भरलेल्या व्हॅटचं क्रेडिट, म्हणजे वजावट, जीएसटीत मिळत नाही, तो पैसा भाड्यातच जातो, आणि भाड्यातून कांद्या-टोमॅटोच्या दरात.

गोव्याचं उदाहरण तर आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला आणि लिटर एकदम 11 रुपयांनी उतरलं. बांदा, दोडामार्गची माणसं पलीकडे जाऊन भरू लागली. छोटं राज्य, पर्यटकांची वर्दळ, म्हणून असा निर्णय परवडू शकतो. पुढे गोव्यानेही कर पुन्हा वाढवला.

मग महाराष्ट्र कमी का करत नाही? जीएसटीनंतर राज्याच्या हातात स्वतःच्या मर्जीने वर-खाली करता येतील असे मोठे कर फारच थोडे उरले: इंधन, दारू, मुद्रांक शुल्क. त्यात केंद्राचा हिशेबही बघा. मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचे 19.90 रुपये होते. त्यातले फक्त 1.40 मूळ उत्पादन शुल्क, बाकी सेस आणि अधिभार. राज्यांना वाटा मिळतो तो त्या 1.40 मधूनच. राज्यं व्हॅटला घट्ट धरून बसतात ती यामुळे, आणि इथे मला राज्यांची बाजू पटते.

पण टक्केवारीची पद्धत मला अजिबात पटत नाही. तेल महागलं की राज्याचा कर आपोआप वाढतो, विधिमंडळात कुणाला उभं राहून विचारावं लागत नाही. आणि मार बसतो लांबच्या जिल्ह्याला. परभणी घ्या. राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या यादीत ती वर्षानुवर्षं वरच असते, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून सुमारे 300 किलोमीटर येतो. ते वाहतूकभाडं किमतीत धरलं जातं आणि त्यावरही 25 टक्के लागतात. वाहतुकीचा एक रुपया ग्राहकाला सव्वा रुपयाला पडतो. ज्या जिल्ह्यात रेल्वे-रस्त्यांची सोय आधीच कमी, त्यानेच लांब असल्याबद्दल जास्त कर भरायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

ऑक्टोबर 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे 2 रुपये वाढवले होते, तेव्हा रुपयांतला ठरावीक कर आकारता येतो हे सरकारनेच दाखवून दिलं. पूर्ण व्हॅट तसाच करावा, लिटरमागे अमुक रुपये. वापी-पालघर फरक त्याने जाणार नाही, कारण गुजरात आपला दर ठेवेलच. पण परभणीच्या माणसाला टँकरच्या भाड्यावर तरी कर भरावा लागणार नाही.