फायब्रॉइडला ‘तंतुमय गाठ’ नको, आणि ‘पिशवीला सूज’ तर अजिबात नको

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय की सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘बल्की युटेरस, फायब्रॉइड’ लिहिलंय, घरातले सगळे ‘पिशवीला (म्हणजे गर्भाशयाला) सूज आलीय’ म्हणतात, ते बरोबर का, आणि फायब्रॉइडला मराठीत काय म्हणायचं.

ही ‘सूज’ ऐकली की माझं डोकंच उठतं. मिरजेत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा, हेच कानावर पडणार. अहो, बल्की म्हणजे नुसती आकाराने मोठी. गाठींनी मोठी होते, नाहीतर आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत घुसतं, ते ॲडिनोमायोसिस, त्यानंही होते. जंतूंमुळं अस्तराला येते ती खरी सूज, तिची औषधंही वेगळी. पण एकदा सूज म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘मग काढूनच टाका’. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं ते काय उगाच?

आता फायब्रॉइड, म्हणजे पिशवीत होणारी गाठ. नावातच घोळ. फायबर म्हणजे तंतू, म्हणून परिभाषावाल्यांनी ‘तंतुमय गाठ’ करून हात झटकले. पण गाठ मुळात स्नायूची! कापली की पांढरट, कडक, आत भोवऱ्यासारखी वळणं, ती स्नायूपेशींची. पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच लायोमायोमा लिहितो. ग्रीकमध्ये लायोस म्हणजे गुळगुळीत आणि मूस म्हणजे स्नायूपण अन् उंदीरपण! लॅटिनचा मस्क्युलस म्हणजेसुद्धा छोटा उंदीर, आपला मूषक त्याच घराण्यातला. कातडीखाली स्नायू हलला की त्यांना उंदीर दिसला, आणि आपल्याला दिसला बेडूक! सांगलीच्या तालमीत पोरगं दंड फुगवून ‘बेटकुळी बघ’ म्हणतं ना, ती बेटकुळी बेडकाचीच लेक असं माझं ठाम मत आहे, बेंडकुळी म्हणणारेही आहेतच की.

वैद्यमंडळी लगेच सुश्रुताचं ‘मांसार्बुद’ (मांसाची गाठ) पुढं करतील. करू देत. सुश्रुतानं ते असाध्य सांगितलंय, आणि ही गाठ साधी, पाळी गेल्यावर बहुतेकदा आपणहून आक्रसणारी, कॅन्सर निघणं अगदीच क्वचित. असाध्य रोगाचं नाव चिकटवून बायकांना कशाला घाबरवायचं?

सरळ ‘स्नायूगाठ’ म्हणा. आणि ताई, गाठ अस्तराखाली आहे, भिंतीत आहे का बाहेरच्या अंगाला, ते डॉक्टरांना विचारा. अस्तराखालची बारकी असली तरी पाळीत अंगावरून भरपूर जातं, बाहेरची लिंबाएवढी असूनही कित्येकींना पत्ता नसतो.