मेशची ऑर्डर थांबवा, आधी वायरचं टोक बघा

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच समोर आलो. २०० एमबीपीएसचा नेटचा प्लॅन, राऊटरला खेटून बसलं तरी वेग ९२-९४, बेडरूमचं दार लावलं की आठ-दहा, कंपनीचं पालुपद ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’, आणि आता तुम्ही नऊ हजारांचा मेश संच (घरभर वायफाय पोचवणारे दोन-तीन डबे) घ्यायला निघालात. तो कार्टमध्येच पडू द्या.

राऊटर बंद-चालू करणं, टीव्हीमागून बाहेर काढणं हे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही. मला खटकला तो ९४. नेट खरंच रडत असेल तर आकडा नाचतो, सकाळी १३० तर रात्री दहाला ६०. तुमच्या पाचही टेस्ट ९२ ते ९४च्या मध्ये. इतका शिस्तीत अडकलेला आकडा म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं कुंपण आहे. त्यातले पाच-सहा डेटाच्या वेष्टनातच खर्च होतात, हातात ९४ पडतात. एक तर पोर्ट (वायर खुपसायची खाच) १००चा आहे, नाही तर वायर.

माझ्याकडे वायर होती. डोंबिवलीतला फ्लॅट, फायबरचा डबा (ओएनटी) दाराजवळ चपलांच्या कपाटावर, तिथून पट्टीतून लॅनची वायर हॉलमधल्या राऊटरला. वायर आठ तारांची. पण जोडणाऱ्याने नेटला चारच तारा दिल्या आणि निळी जोडी लँडलाइन फोनला, कारण दुसरी वायर ओढायचा कंटाळा. तो फोन आम्ही जेमतेम दोनदा उचलला असेल, दोन्ही वेळा क्रेडिट कार्डवाले. चार तारांवर हे डबे १००च्या वर जात नाहीत, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात. प्लॅन ५०चा होता तोवर कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. २००चा घेतला आणि तेव्हापासून दर महिन्याला निम्मा वेग देवाला वाहत होतो.

आता माझा गाढवपणा. लॅपटॉप उचलून थेट ओएनटीला लावायचं मला सुचलं नाही. दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी आधी ३२०० रुपयांचा राऊटर घेतला, मग साडेआठ हजारांचा मेश. दोन्ही त्याच वायरीला लावले. ९४. बायकोने एकदाच विचारलं, “मग यात नवीन काय आलं?”

कंपनीचं नाव घेत नाही, पण अकरा तक्रारी केल्या आणि अकराच्या अकरा ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाल्या. एकदा तर माणूस आलाच नाही. फोनवरच म्हणाला, “सर, ओटीपी आलाय ना, तो सांगा, मी उद्या येतो.” मी भाबडेपणाने सांगितला. त्या ओटीपीनेच तक्रार बंद होते हे नंतर कळलं. माणूस घरी येऊन, वेग दाखवून, तुमचं समाधान झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका, मग तो टार्गेटचं कितीही रडगाणं गाऊ दे. आणि ट्रायला (दूरसंचार नियामकाला) ईमेल करण्यात वेळ घालवू नका, ते एकट्यादुकट्याची तक्रार हाताळत नाहीत. तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा आणि कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत. मी हे करायला हवं होतं, केलं नाही, निव्वळ चिडत बसलो.

शेवटी रोग सापडला तो सोसायटीचे कॅमेरे बसवायला आलेल्या मुलाला. त्याने वायरीला टेस्टर लावला. १, २, ३ आणि ६ एवढेच दिवे लागले, म्हणजे आठपैकी चारच तारा जोडलेल्या. नवी कॅट-६ वायर टाकून दिली, मजुरीसकट सातशे रुपये. त्याच संध्याकाळी, त्याच जुन्या राऊटरवर, १९० पार.

तुमच्याकडे हेच असेल असं छातीठोक सांगत नाही. मी इंजिनिअर नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे. पण लॅपटॉप दुसऱ्या वायरीने थेट ओएनटीला लावून बघा; तिथेही ९४च आले तर पोर्ट बदलून बघा. बऱ्याच स्वस्त ओएनटीत एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि दुसरा १००चा. तिथे २०० आले तर दोष वायरीत किंवा राऊटरच्या पोर्टमध्ये. फायबरचं हिरवं टोक मात्र उगाच काढू नका, काढलंच तर डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

बेडरूमचं दुखणं वेगळं आहे, दोन्हींची गल्लत मीही केली होती. तिथे बहुतेक फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला चिकटून बसतोय. आपल्या बिल्डिंगांत त्या पट्ट्यावर शेजारच्या पंधरा-वीस घरांची गर्दी असते. राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६, ११ पैकी जो मोकळा दिसेल तो द्या. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलंत तर फोन कुठे आहे ते निदान कळेल. मात्र तो पट्टा भिंतींना लवकर हार मानतो, आणि राऊटर व पलंगाच्या मध्ये आरसा जडवलेलं लोखंडी कपाट असेल तर विचारायलाच नको. आमचं कपाट तीन फूट सरकवलं, ८ चे ४० झाले. हे आमच्या घरचे आकडे, तुमच्या भिंती तुम्हाला माहीत. एवढं करूनही बेडरूम कोरडीच राहिली तर खुशाल मेश घ्या, पण दुसरा डबा शक्यतो वायरीने जोडा.

आज रात्री एवढंच करा, ओएनटी ते राऊटर जाणाऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांचे फोटो टाका. क्लिपची बाजू खाली ठेवा, म्हणजे तारांचे रंग मोजता येतील.