तलाव, धबधबे आणि वन्यजीव एकाच खोऱ्यात पाहायचे असतील तर कुठे आणि केव्हा जावे?

सातारा परिसरात तलाव, धबधबे आणि जंगल एकत्र कुठे आहे आणि त्यासाठी पावसाळा बरा की हिवाळा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर कोयना खोरे हे आहे. मात्र एकाच फेरीत सारे पाहण्याचा आग्रह धरू नये, असे मी मनापासून सांगेन.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेस मिळते. या वळणाच्या अलीकडे बांधलेल्या धरणामुळे शिवसागर जलाशय थेट तापोळ्यापर्यंत पसरला आहे. त्यात अनेक गावे बुडाली, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावे.

धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये कोयनानगरला उतरावे आणि नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहावा. त्या दिवसांत जंगलात धुके आणि जळवा यांचेच राज्य असते, त्यामुळे प्राणी दिसण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

जंगलासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडून, वनविभागाची परवानगी घेऊन, वासोट्याच्या वाटेला लागावे. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, म्हणून सकाळची पहिली लाँच गाठलेली बरी. १९८५ मध्ये अभयारण्य झालेले हे रान २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांतही त्याचा समावेश आहे. तरीही ताडोबासारखे प्राणी समोर येतील असे समजू नये, कारण इथले सदाहरित रान इतके दाट आहे की दहा पावलांवरचा गवाही नजरेआड राहतो. इथे खुणा वाचाव्या लागतात. पाणी ओसरल्यावर काठच्या चिखलात गव्यांचे खोल, दुभंगलेले खूर उमटलेले असतात. वाटेवर ताजी कुरतडलेली फळांची टरफले पडलेली दिसली की थांबून वर पाहावे. तपकिरी-तांबूस पाठीचे, पिवळसर पोटाचे शेकरू बहुधा तिथेच फांदीला बिलगून बसलेले असते आणि माणसे बोलायची थांबली की थोड्या वेळाने पुन्हा खाऊ लागते.

वेळ एकाच फेरीचा असेल, तर धबधबे सोडून बामणोलीच निवडावी. धबधबे सह्याद्रीत इतरत्रही पुष्कळ आहेत, एवढे सलग जंगल मात्र आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे.