निवृत्तीचा पैसा आणि पत्र्याचे रोबो

तुमचं वय 52. एका वयस्कर संग्राहकाकडून 200 जुनी कॉमिक्स आणि 11 पत्र्याचे खेळण्यातले रोबो एकगठ्ठा मिळतायत, आणि त्यासाठी निवृत्तीच्या पुंजीतला तिसरा हिस्सा काढायचा विचार आहे. ‘निवृत्त होईपर्यंत दुप्पट तरी होतील’ असं तुम्ही लिहिलंय.

संग्रह जरूर करा. पण या पैशातून नको, आणि अख्खा गठ्ठा तर नकोच.

दुप्पट होण्याची आशा बहुधा लिलावाच्या बातम्यांतून आली असावी. 1938 साली 10 सेंटला मिळणारा, सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, हे खरंच आहे. पण तो एवढा महाग का? मुलांनी वाचून फाडला, मोठ्यांनी रद्दीत घातला, म्हणून आज त्याच्या शंभरेक प्रतीच उरल्या असाव्यात असं मानतात. आता 1991 चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक घ्या. 80 लाखांच्या आसपास प्रती खपल्या. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी पाच-पाच घेतल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे त्याची साधी प्रत आजही किरकोळ भावात मिळते. तुमच्या यादीतले दीडशे अंक याच काळातले आहेत. गठ्ठ्याचा खरा भाव सात-आठ जुन्या अंकांत आणि फार तर तीन रोबोंत आहे. बाकीच्यांचे पैसे तुम्ही उगाच मोजणार.

ते सात-आठ अंक मात्र हातात घेऊन बघा. प्रमाणित प्रतवारी 0.5 ते 10 अशी असते आणि एकाच अंकाचा भाव या प्रतवारीनुसार कित्येक पटींनी बदलतो. मधल्या पिना गंजून कागदावर तपकिरी डाग उतरलाय का, पानं कडेला ठिसूळ झालीत का, मुखपृष्ठावर कुणी रंग भरून डागडुजी केलीय का, हे तपासा. रोबोंच्या बॅटरीचं झाकण उघडा. आत पांढरट-हिरवट खपली दिसली, तर गळलेल्या बॅटरीने आतल्या धातूच्या पट्ट्या खाल्ल्यात. मूळ खोका आहे का, हेही विचारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी रोबोंच्या नव्या नकलाही बाजारात आहेत. शंका आली तर जाणकाराला पैसे देऊन दाखवा.

विक्रीचं गणित याहून अवघड आहे. व्यापारी त्याच्या दुकानातल्या भावाने तुमच्याकडून घेणार नाही, लिलावात कमिशन कापलं जातं. शिवाय ही वस्तू व्याज देत नाही, लाभांश देत नाही, उलट विमा आणि कोरडी जागा मागते. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला वडिलांचा संग्रह विकायला सव्वा वर्ष लागलं, तेही दवाखान्याचं बिल समोर असताना. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

तुमच्या पत्रात रोबोच्या छातीत लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल चार ओळी आहेत, परताव्याबद्दल एकच. म्हणून सांगतो, निवृत्तीची रक्कम आहे तिथेच राहू दे. घरखर्च आणि नेहमीची बचत बाजूला काढल्यावर उरेल त्यातला थोडा भाग दर महिन्याला या छंदासाठी वेगळ्या खात्यात टाका. तो बुडाला तरी चालेल इतकाच. आणि संग्राहकाला विचारा, तो दिव्याचा रोबो सुटा देणार का?