डुप्लिकेट काढण्याआधी

प्रिय,

तुझ्या मोहिमेचा महिन्याचा अहवाल वाचला. आलेख झकास आहेत, पण सहा पानांत मला एकही माणूस भेटला नाही. रीच, व्ह्यूज, लाइक्स, ओपन रेट. आकडे खोटे नाहीत, पण मोहीम कुठवर आली ते त्यावरून कळत नाही.

ओपन रेटचंच घे, म्हणजे पाठवलेल्यांपैकी किती जणांनी मेल उघडला त्याचं प्रमाण. मेलमध्ये दडवलेलं एका पिक्सेलचं चित्र लोड झालं की 'उघडला' अशी नोंद पडते. २०२१ च्या सप्टेंबरात ॲपलने आयओएस १५ सोबत आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असली की माणसाने मेल उघडला नाही तरी चित्र आधीच उतरवलं जातं. म्हणजे ज्याने ढुंकूनही पाहिलं नाही, तोही तुझ्या वाचकांत. मेलमधल्या लिंकवरचा क्लिक त्यातल्या त्यात बरा. कुणी दोन ओळींचं उत्तर धाडलं तर ते सोन्याहून पिवळं.

सदस्यसंख्येचंही तसंच. सुदानमधल्या डार्फर भागातल्या हिंसाचाराविरुद्ध फेसबुकवर चाललेल्या 'सेव्ह डार्फर' मोहिमेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सदस्य १० लाखांहून जास्त, पण बहुतेकांनी ना पैसे दिले, ना आणखी कुणाला आणलं.

मी काही पहिल्यापासून शहाणा नव्हतो. एका सह्यांच्या मोहिमेत रात्री बसून आम्ही याद्या एकत्र करत होतो. एकच मोबाइल नंबर तीनदा आला. नावाचं स्पेलिंग दर वेळी वेगळं. मी दोन ओळी उडवल्या आणि यादी स्वच्छ झाली म्हणून खूश झालो. पुढे त्या बाई सभेत भेटल्या तेव्हा कळलं, त्या तीन वेगवेगळ्या दिवशी आल्या होत्या, आणि दर वेळी सोबत कुणाला तरी घेऊन. आम्ही मात्र त्यांना चूक समजून पुसून टाकलं होतं. त्या यादीतून असे आणखी किती गेले असतील, देव जाणे.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये एका माणसाला एकच ओळ असते, आणि त्याच ओळीत तो जितक्या वेळा आला तितक्या तारखा. शेजारी 'कोणी आणलं' हा रकाना. तो भरायला सगळे कंटाळतात, तरी सोडू नकोस. महिनाअखेरीला त्या रकान्यात तीच ती चार नावं दिसली, तर ती तुझी खरी कार्यकर्ती मंडळी. भले त्यांनी आयुष्यात एक पोस्ट शेअर केलेली नसो.

आणि 'येतो' म्हणाले किती, आले किती, हे प्रत्येक बैठकीनंतर लिही. ४० जण हो म्हणाले आणि १२ आले, तर १२ भागिले ४० असंच मांड. नुसते '१२ उपस्थित' लिहू नकोस. न आलेल्यांना दुसऱ्या दिवशी फोन कर. जाब विचारायला नाही, वेळ गैरसोयीची होती का एवढं विचारायला. निम्म्या वेळा दोष आपल्या वेळापत्रकाचा निघतो.

ज्याच्यापुढे मागणी ठेवली त्याने काय केलं, हाही एक रकाना हवा. भेट दिली, लेखी उत्तर दिलं, की नुसतं 'बघतो' म्हणाला? बरेच आठवडे तो कोराच राहील. राहू दे. कोरा आहे हे दिसलं पाहिजे.

पुढच्या वेळी अहवाल नको, ती शीटच पाठव. फक्त फोन नंबरांचा रकाना काढून. लोकांनी ते नंबर तुला दिलेत, मला नाही.

तुझा,
जुना सहकारी