पोस्त, पत्ता आणि पावसाळा

प्रश्न : आमच्या वाडीतले पोस्टमनकाका भर पावसात घाटी चढून टपाल आणतात. दिवाळीला त्यांना पाचशे रुपयांचं पाकीट द्यावं, असं घरात ठरतंय. चालेल ना? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : दिवाळीच्या पोस्तीची, म्हणजे बक्षिसीची, चाल जुनी आहे, पण पैशांचं पाकीट नको. खात्याचा पोस्टमन केंद्र सरकारचा कर्मचारी असतो आणि त्याला १९६४ चे वर्तणूक नियम लागतात. भेटी घेण्यावर त्यात बंधन आहे. प्रसंगाने घातलेलं जेवण, गाडीवरून सोडणं, साधं आदरातिथ्य मात्र भेटीत धरलेलं नाही. म्हणजे चहा, घावणे, फराळाची बशी, उन्हाळ्यात कोकम सरबत खुशाल द्या. खेड्यातल्या शाखा डाकघरात टपाल वाटणारा बहुधा ग्रामीण डाक सेवक असतो. त्याचे नियम वेगळे, काम दिवसाला चार-पाच तासांचं आणि मोबदलाही त्याच बेताचा. म्हणून हात खिशाकडे जातो, हे कळतं. तरी रोख रक्कम त्यालाही देऊ नये. उद्या कोणी तक्रार केली तर गोत्यात तो येईल, तुम्ही नाही.

मनीऑर्डर घेताना वीस-पन्नास रुपये काढून देण्याची सवयही मोडावी. तिचं कमिशन पाठवणाऱ्याने आधीच भरलेलं असतं, म्हणून पूर्ण रक्कम मोजून घ्यायची. याउलट, पोस्टमनने घरी येऊन पेन्शनरचा हयातीचा डिजिटल दाखला काढून दिला, तर त्याचे ७० रुपये हे ठरलेलं शुल्क आहे, बक्षिसी नव्हे. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचं बँक खातं आणि मोबाइल हाताशी ठेवलात तर त्याचा निम्मा खोळंबा वाचतो. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे यंत्र पटकन घेत नाही. हात धुऊन, कोरडे करून ठेवा आणि दोन-तीन बोटं लावून बघा.

प्रश्न : मुंबईहून पाठवलेली पत्रं भरकटतात. पत्ता तर बरोबर असतो. – एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : बहुतेक वेळा घोळ ‘मु. पो.’ मध्ये असतो. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, आपला गाव. ‘पो.’ म्हणजे ज्या गावच्या पोस्टातून आपलं टपाल वाटलं जातं तो गाव. आपल्याच गावात पोस्ट असेल तरच दोन्ही एकत्र लिहावं. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं तोडून लिहायचं. तसं न केल्याने पाकीट ज्या गावात पोस्टच नाही त्याच्या नावाने फिरत राहतं.

दुसरी चूक पिनची. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या छाटणी जिल्ह्यात जायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. पण हा ‘छाटणी जिल्हा’ म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. ४१५ रत्नागिरीलाही आहे आणि साताऱ्यालाही, ४१६ सिंधुदुर्गालाही आणि कोल्हापुरालाही. म्हणून शेवटच्या तिनांतला एक आकडा चुकला तरी पाकीट घाट चढून वर जाऊ शकतं. आणि नुसत्या पिनवरही भागत नाही, कारण एकाच पिनखाली बरीच शाखा डाकघरं असतात. गाव, तालुका, जिल्हा लिहायलाच हवं. मुरुड रायगडातही आहे, तुमच्या दापोली तालुक्यातही आहे आणि लातुरातही.

आता शेवटच्या मैलाचं. देऊळवाडी नाही असा गाव कोकणात शोधावा लागेल आणि अर्ध्या वाडीचं आडनाव एकच. कधी वडिलांचं नावही जुळतं. तेव्हा ‘सौ. एस. जोशी’ लिहून पोस्टमनची परीक्षा घेऊ नये. पूर्ण तीन नावं, वाडी, घराचं नाव किंवा ठळक खूण (विहीर, शाळा, पार), स्पीड पोस्ट किंवा पार्सल असेल तर मोबाइल नंबर. बॉलपेनने लिहा, जेलची शाई जुलैत ओघळते. पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर न पोचलेलं टपाल परत यायला वाट राहत नाही.

प्रश्न : गेटवर टपालाची पेटी लावली, पण आत पाणी जातं आणि मुंग्या होतात. – एक वाचक, मालवण

उत्तर : समुद्राजवळ पत्र्याची पेटी खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजते. सहा इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटी तुकडा घ्या. एका टोकाला पक्कं टोपण, दुसऱ्याला सैल टोपण बसवा. ए-४ आकाराचं मोठं पाकीटही गुंडाळून आत बसतं. गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा खांबावर छातीच्या उंचीला बांधा आणि तोंड थोडं खाली झुकलेलं ठेवा. अगदी आडवा बांधला तर वाऱ्याबरोबर आलेलं पाणी आतच साचतं. खालच्या बाजूला तीन-चार बारीक भोकं पाडा, घामटलेली हवा निघून जाते. भोकं मोठी झाली तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, म्हणून वर जाळी चिकटवा. आठवड्यातून एकदा आत हात घालण्याआधी उजेडात बघून घ्या, पावसात असल्या पाइपात कोण मुक्कामाला येईल सांगता येत नाही. पेटी साध्या टपालासाठीच. सहीचं टपाल हातीच घ्यावं लागतं.

कुत्रा असेल तर टपालाच्या वेळेला बांधा. ‘काही करत नाही तो’ हे वाक्य फक्त कुत्र्याच्या मालकाला खरं वाटतं.

प्रश्न : चांगल्या कामाची दखल वरपर्यंत कशी पोचवायची? – एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : कागदावर लिहून. डाकघर विभागाच्या अधीक्षकांच्या नावे एक पान पुरतं. ‘फार चांगले आहेत’ एवढंच लिहू नका. नाव, शाखा डाकघर, वाडी, तारीख, नक्की काय केलं (उदाहरणार्थ, अर्धवट पत्त्याचं पाकीट चौकशी करून पोचवलं) आणि असल्यास स्पीड पोस्टचा क्रमांक द्या. एक प्रत पोस्टमास्तरांना. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे विभाग पणजीच्या गोवा क्षेत्राखाली येतात, तेव्हा तिथल्या पोस्टमास्टर जनरलनाही प्रत पाठवता येते. खात्याचा ‘मेघदूत’ पुरस्कार आहे आणि तो ग्रामीण डाक सेवकांनाही मिळतो. जागतिक टपाल दिन ९ ऑक्टोबरला असतो, पत्र त्याआधी पोचलं तर बरं.

प्रश्न : आम्ही चाकरमानी. गणपती आणि शिमगा सोडला तर घर बंद. पोस्टमनला उगाच हेलपाटे पडतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : गावच्या पोस्टात लेखी अर्ज द्या : टपाल ठाण्याच्या पत्त्यावर वळवा, किंवा गावातल्या अमुक व्यक्तीला द्या. सहीच्या टपालासाठी त्या व्यक्तीच्या नावे तुमच्या सहीचं अधिकारपत्र हवं, सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत. नुसतं फोनवर सांगून भागत नाही. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावलं गेलं आहे, त्यामुळे पूर्वी रजिस्टरने येणारे कागद आता त्याच मार्गाने येतात. घर बंद दिसलं की ते काही दिवस पोस्टात थांबतात आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जातात. बँक आणि एलआयसीकडचा पत्ता मात्र तुम्हालाच बदलावा लागेल, पोस्ट तो बदलत नाही.